पंख्याकडे केलेला कॅमेरा

प्रिय आय,

पंखाच दाखवलास ना शेवटपर्यंत? किती वेळा सांगितलं, फोन तोंडासमोर धर. तू म्हणायचीस, "आवाज येतोय ना? मग तोंड काय करायचंय तुला?" व्हिडिओ कॉलवर मी कायम आपल्या पडवीतला पंखाच बघितला. त्याच्या पात्यावरचा गंज मला पाठ आहे. तुझा चेहरा नाही.

आज लिहितोय, कारण सकाळी पुण्याहून जेनीचा फोन आला. ऑल सोल्सला सगळे कबरींवर मेणबत्त्या लावतील, त्याच्या आधी तुझ्या कबरीवर लादी बसवायचीय आणि लादीवाल्याला फोटो हवाय. "दादा, तुझ्याकडे आयचा अलीकडचा एखादा असेल ना?" माझ्याकडे कुठून असणार?

हे सगळं तुझ्या त्या नटीमुळे. पोरवयात तू बांद्र्याला एका म्हाताऱ्या बाईकडे कामाला होतीस, तिच्या जुन्या इंग्रजी मासिकांत ती तुला भेटली. इंग्रजी तुला वाचता येत नव्हतं, मलाही धड येत नाही. पण बाईने वाचून दाखवलेली तिची गोष्ट तू आम्हाला जेवताना सांगायचीस. दुकानात हॅट विकणारी गरीब पोर. स्टुडिओने तिचं नाव बदललं, दात बसवले, केस उपटून कपाळ रुंद केलं आणि पडद्यावर राणी करून टाकली. फोटो फक्त डाव्या बाजूने. वय दिसायला लागलं तशी पिक्चर सोडून दार लावून बसली. "लोकांच्या डोळ्यांत तरणीच राहिली. हुशार बाय," तू म्हणायचीस.

पुढे तू पडवीतच पार्लर काढलंस. वसईतल्या किती नवऱ्या मुलींच्या डोक्यावर त्या नटीसारखी केसांची लाट बसवलीस. एकीची आजी चिडली होती, "ग्रेसी, पोरगी चर्चला चाललीय, शूटिंगला नाही." तू पिना तोंडात धरून म्हणालीस, "फोटो तर काढणार ना?"

आणि स्वतःचे फोटो मात्र बंद. जेनीच्या लग्नात फॅमिली फोटोला उभं राहायची वेळ आली तर म्हणे केक बघून येते. आम्ही हसलो. हसायला नको होतं का?

मीही इथे ऑस्ट्रेलियात एका जागी टिकणारा नाही. गिरावीनला हॉटेलात भांडी, क्वेकर्स हिलला घरांना रंग, आता टूवूंबाला लेट्यूसच्या पॅकिंग शेडमध्ये. ज्या नाताळला येणार होतो, त्याच्या आधीच कोरोनामुळे बॉर्डर बंद झाली.

मग हॉस्पिटलमधून नर्सने कॉल लावला. पहिल्यांदाच फोन तुझ्या हातात नव्हता. मी शेडच्या मागे ग्लोव्ह्ज काढून डोळे फाडून बघत होतो. आणि तू चादर तोंडावर ओढलीस. नर्स म्हणाली, "काकू, मुलगा आहे." तू आतून म्हणालीस, "माहितीय मला कोण आहे." नुसते केस दिसले. पांढरे, सगळेच्या सगळे. लॉकडाउनमध्ये कलप मिळाला नाही का गं? त्यानंतर पेटी बंद होऊनच आली, आणि जेनी पुण्यात अडकलेली.

परवा रूमवर पडल्या पडल्या मोबाइलवर तुझ्या नटीला शोधलं. सापडला ना तिचा म्हातारपणीचा फोटो. रस्त्यापलीकडून कुणीतरी चोरून काढलेला. हातात पावाची पिशवी, वाऱ्याने केस विस्कटलेले, आणि तोही उजव्या बाजूने. म्हातारी दिसत होती, आय, पण बरी दिसत होती. किती तरी वेळ बघत बसलो. माझा रूममेट हरजीत डोकावून म्हणाला, "तेरी मम्मी है क्या?" मी नाही म्हणालो नाही.

तिला निदान एका चोराने तरी बघितलं. तू तिच्याहून पक्की निघालीस. पण मी आता कुणाचा चेहरा आठवू?

पंचविशीतला तुझा स्टुडिओतला फोटोच लावायला सांगितलाय. डावी बाजू, केसांची लाट. त्यात तू माझ्यापेक्षाही लहान दिसतेस. जेनीची पोरं मेणबत्ती लावताना विचारतील, ही पोरगी कोण? विचारू देत. पांढऱ्या केसांचं कुणाला सांगणार नाही, जेनीलासुद्धा नाही. एवढा शब्द देतो. तुला द्यायला दुसरं काही उरलंच नाही.

तुझा,
मेल्विन

ता. क. लादी आणि त्यावरचा गोल फोटो, दोन्हीचे मिळून जेनीला पाठवतोय: अठ्ठावीस हजार रुपये.