शेवटच्या दहा मिनिटांची शिस्त

२० ऑगस्ट, मंगळवार

वैजयंतीने निघताना विमानतळावर शपथ घ्यायला लावली. म्हणाली, "तिथं तोंड आवरा. तिथली पोरं कोर्टात जातात." सासऱ्यांसमोर म्हणाली. बायकोने नवऱ्याला असं म्हणायचं असतं?

मी रागीट नाही. शिस्तप्रिय आहे. विट्याच्या कॉलेजात चौदा वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, ऐनापुरे सर वर्गात आले की बाक वाजायचा बंद व्हायचा. निरोप समारंभात आमच्याच कॉलेजातला तो मुळीक माईकवर म्हणाला, "सरांच्या स्वभावाला अमेरिका झेपायची नाही, वर्षात परत येतील." सगळे हसले. प्राचार्यसुद्धा. पीएच.डी. घेऊनच परत जाईन आणि पहिला पेढा मुळीकच्या तोंडात कोंबीन.

संकल्प: राग नाही. रोज सात तास अभ्यास. पोळ्या घरी.

२२ ऑगस्ट

आमच्या विभागाची कोऑर्डिनेटर भेटली. डॉ. लिंडक्विस्ट. वय बत्तीस! मी एकेचाळीस. म्हणे, "मला नुसतं डेब म्हणा." मी मॅडम म्हणालो. तिने पुन्हा डेब सांगितलं. मी डेब मॅडम म्हणालो. तिथं तह झाला.

तिला 'विश्वंभर' जमेना. विचारलं, "विश चालेल?" मी काही बोलायच्या आत यादीवर छापून आलं. आता अख्खं विद्यापीठ मला विष म्हणणार. रागावलो नाही. फक्त दार जरा जोरात लागलं.

नियम नीट समजून घेतले. मी टीए, म्हणजे शिकवणारा मदतनीस. दर मंगळवारी सकाळी आठला चोवीस पोरांकडून गणितं सोडवून घ्यायची. डिसेंबरात पोरं माझं मूल्यमापन करणार. होय, पोरं माझं! पाचपैकी साडेतीनच्या खाली गेलो तर टीएपद गेलं. ते गेलं की फीची माफी गेली. म्हणजे विटा. म्हणजे मुळीक.

काळजी नाही. चांगला शिक्षक कुठेही ओळखू येतो.

२७ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी १०

पहिला तास. आत गेलो. कुणी उठलं नाही. पुन्हा बाहेर जाऊन आत आलो. तरी नाही. एक मुलगी म्हणाली, "हे विश, काही विसरलात का?"

तिघं पायजम्यात. कोल्टन नावाचा सहा फुटी पोरगा पाय समोरच्या खुर्चीवर टाकून अंड्याची पोळीत गुंडाळलेली भाजी खातोय. माझ्यासमोर! वास वर्गभर. मी शपथ आठवली, दहा आकडे मोजले, फळ्याकडे तोंड करून शिकवलं. वर्गातच अजून तीन वेळा दहा मोजले.

डेब मॅडम नंतर म्हणाली, "वर्गाकडे तोंड करून बोलण्याचा विचार करून पाहायला हरकत नाही." विचार करून पाहिला. हरकत आहे.

३ सप्टेंबर

शपथ मोडली असं म्हणता येणार नाही. शपथ रागाबद्दल होती, हे मार्गदर्शन होतं.

झालं असं की घरचा अभ्यास चोवीसपैकी पाच जणांनी केला. कोल्टन म्हणाला, "माय बॅड." म्हणजे चुकलं. बस्स. माय बॅड! तळपायाची आग मस्तकात गेली. वेळ संपायला दहा मिनिटं होती, पुस्तक मिटलं आणि त्यांना सुनावलं: "दगडांनो! डोक्यात मेंदू आहे का शेण? आईबाप तिकडं राबतायत आणि तुम्ही इथं पायजमे घालून गिळताय! मध्यक कुठला आणि सरासरी कुठली ते कळत नाही, उद्या जगाला काय तोंड दाखवणार? जा, म्हशी राखा!"

कोल्टनने पाय खाली घेतले. दोन मुलींनी माना खाली घातल्या. आणि जाताना चक्क सगळे म्हणाले, "थँक यू, विश." बोलणी खाऊन आभार मानणारा विद्यार्थी चौदा वर्षांत पाहिला नव्हता. पोरं मुळात वाईट नाहीत, यांना कुणी धाक लावला नव्हता इतकंच.

अभ्यास आज चाळीस मिनिटं. पोळ्या नाहीत. पिठाची पिशवी फाटली, यात माझा दोष नाही.

१० सप्टेंबर

पुन्हा तेच. घरचा अभ्यास सहा जणांचा. (एकाने वाढला, नोंद घ्यावी.) शेवटची दहा मिनिटं मार्गदर्शन. आज 'बैलोबा' आणि 'ठोंबे' यांची भर घातली. कोल्टन ताठ बसला होता, तळहात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. लाजेने. हेली नावाची मुलगी, जिला प्रमाण विचलन काढताना वर्गमूळ घ्यायचं असतं हेसुद्धा आठवत नाही, ती छातीवर हात ठेवून ऐकत होती. पश्चात्ताप दिसत होता.

वैजयंतीला फोनवर सांगितलं की मी अगदी शांत असतो. तिने विचारलं, "बरं वाटत नाही का?"

२४ सप्टेंबर

आज संकल्पाप्रमाणे शांत राहिलो. गणितं संपली, 'निघा' म्हणालो. कुणी उठेना! हेलीने हात वर करून विचारलं, "आज नाही का ते?" मी विचारलं, काय ते? म्हणाली, "शेवटचं ते, तुम्ही करता ते. आठवडाभर आम्ही वाट पाहतो."

स्वतःच्या तोंडाने शिस्त मागतायत! तिकडं पालकसभेत आया तक्रारी घेऊन यायच्या की सर फार बोलतात. इकडं पोरं रांगेत उभी. दिलं मग. पूर्ण दहा मिनिटं. त्यांच्या सात पिढ्या काढल्या.

८ ऑक्टोबर

मागच्या बाकांवर पाच अनोळखी चेहरे. दुसऱ्या टीएच्या तासाची पोरं, शेवटची दहा मिनिटं गाठायला आलेली. तो टीए नुसता हसतो, बिस्किटं वाटतो. पोरांना बिस्किटं नको असतात, वचक हवा असतो. यावर एक शोधनिबंध लिहावा. (संकल्पात घातलं.)

माझा स्वतःचा घरचा अभ्यास मात्र परत आला. प्राध्यापकांनी वर लिहिलंय, "इंटरेस्टिंग!" उद्गारचिन्हासह. खाली लिहिलंय की दुसरी पद्धत वापरण्याचा विचार करून पाहायला हरकत नाही. कौतुकच आहे. गुण साठ दिलेत, ती लिहिण्याची चूक असावी.

२९ ऑक्टोबर

चाचणीचा निकाल. वर्गाची सरासरी बावन्न. बावन्न! एवढं घसा फोडून! आज मी रागावलो नाही, पण खडू मोडला, टेबलावर मूठ आपटली आणि म्हणालो, "अरे, मी समुद्र ओलांडून आलो तो तुमच्यासारख्या मख्ख बटाट्यांची तोंडं बघायला? तुमच्यापेक्षा आमच्या गावची एसटी बरी, उशिरा का होईना पोचते!" आवाज कॉरिडॉरमध्ये गेला असणार, कारण दारात माणसं जमली होती. एक म्हातारा सफाई कामगार झाडू हातात धरून, टोपी काढून उभा होता.

हेलीच्या डोळ्यांत पाणी. लागलं म्हणायचं एकदाचं.

१२ नोव्हेंबर

डेब मॅडम तास पाहायला आली. मागे बसली. मी मुद्दाम कमी केलं नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व. नंतर म्हणाली, "ऊर्जा विलक्षण आहे! मुलांना शेवट फार भावतो. फक्त वर्गातल्या भाषेबद्दल थोडा विचार करून पाहायला हरकत नाही."

भाषा! बटाटे म्हणालो ते झोंबलं वाटतं. या देशात खरं बोलायची सोय नाही. असो, वरिष्ठ आहे, वयाने नसली तरी. पुढच्या मंगळवारपासून बटाटे बंद. बैलोबा राहील.

३ डिसेंबर

शेवटचा तास. मूल्यमापनाचे फॉर्म भरून घ्यायचे होते, नियमाप्रमाणे मी बाहेर थांबलो. काचेतून दिसलं, पोरं खूप लिहीत होती. परीक्षेत एवढं कधी लिहिलं नाही हरामखोरांनी. जिना उतरलो, चढलो, पुन्हा उतरलो. साडेतीन. फक्त साडेतीन द्या रे.

भीती नाही. थंडी आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी २

सरासरी चार पूर्णांक सहा. विभागात सर्वांत जास्त.

पण पुढचंही लिहायला हवं.

डेब मॅडमने शेरे वाचून दाखवले. "विश फार गोड माणूस आहे." गोड! "बोलणं निम्मंच कळतं, पण त्यांच्याकडे पाहून बरं वाटतं." आणि मग: "तासाच्या शेवटी ते त्यांच्या भाषेत जी प्रार्थना म्हणतात, ती कृपया बंद करू नका. माझी झोपेची गोळी सुटली."

मी म्हणालो, कसली प्रार्थना? मी संकष्टीसुद्धा धरत नाही. तर तिने फोन काढला. कोल्टनने माझं रेकॉर्डिंग करून ठेवलंय, परीक्षेआधी मन शांत करायला ऐकतो, अर्ध्या वसतिगृहाकडे आहे. तिने लावलं. माझाच आवाज. "दगडांनो! डोक्यात मेंदू आहे का शेण?"

मराठीत.

अथपासून इतिपर्यंत मराठीत. देवाशपथ, मला वाटत होतं मी इंग्रजीत बोलतोय. चिडलो की माझं इंग्रजी सुटतं, हे मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नाही. विट्यात कशाला सांगतील, तिथं दोन्ही कळत होतं.

डेब मॅडम डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, भाषेबद्दल मी बोलले होते ते हेच, थोडा अर्थ इंग्रजीत सांगितलात तर बरं. शिवाय डीनच्या ऑफिसातून विचारणा आली आहे. सरकारी विद्यापीठ, वर्गात धार्मिक प्रार्थना चालत नाही. तेव्हा सोमवारपर्यंत या मजकुराचं भाषांतर लिहून द्या, मग टीएपदाच्या रिन्यूअलवर सही. आणि हसून म्हणाली, "काळजी करू नका, औपचारिकता आहे."

१४ डिसेंबर, शनिवार

मी रागावलोय. हे इथं पहिल्यांदा सरळ लिहितो. प्रचंड रागावलोय. चार महिने! चार महिने मी यांची अब्रू काढली आणि यांना झोप लागली! सफाई कामगाराने टोपी काढली!

वैजयंतीला फोन केला. हसून हसून तिला ठसका लागला. म्हणाली, "अहो, विट्यात तरी कुठं कोण घाबरत होतं? तुम्ही चिडलात की किती मिनिटं चालतं यावर पोरं वडापावची पैज लावायची. मुळीक सरांनीच सांगितलं." मुळीकने! म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी फोन ठेवला. पुन्हा केला, विचारलं सर्वांत जास्त किती मिनिटं. बावीस.

खरं भाषांतर लिहून देणार. जाऊ दे पद. माझी बोलणी ही बोलणी होती, हे यांना कळलंच पाहिजे. माणसाला काही अभिमान आहे की नाही.

१५ डिसेंबर, रविवार

खरं भाषांतर लिहिलं. इंग्रजीत 'शेण' फार वाईट दिसतं. दोनदा वाचलं आणि विट्याच्या स्टँडवर उतरल्यासारखं वाटलं. मुळीक समोर हार घेऊन. फाडलं.

दुसरं लिहिलं. शब्दाला धरूनच आहे, कुणी खोटं म्हणू शकत नाही. 'दगडांनो' याचं 'पर्वतासारख्या अढळ मुलांनो'. शेणाचं 'तुमची बुद्धी सुपीक आहे'. 'आईवडिलांचे कष्ट आठवा' हे जवळजवळ तसंच आहे. 'म्हशी राखा' याचं 'तुमच्या घरी दूधदुभतं नांदो'. बटाटे गाळले. तो विषय मिटला होता.

१६ डिसेंबर, सोमवार

डेब मॅडमने उत्तर पाठवलं. "किती सुंदर! देवाचं नावही नाही, त्यामुळे अडचणच नाही." सही झाली. भाषांतर फ्रेम करून विभागाच्या दारावर लावणार आहेत. खाली माझं नाव. विश.

जिंकलो. मुळीकला कळवायला हरकत नाही. उद्या कळवीन.

२१ जानेवारी, मंगळवार. सकाळी १०

नवा वर्ग. यादीत चोवीस, हजर एकेचाळीस. कोल्टन पास झालाय तरी आला. इंग्रजीत सावकाश शिकवलं, वर्गाकडे तोंड करून. गणितं झाली. आठ चाळीसला सगळ्यांनी वह्या मिटल्या, तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले.

मी तोंड उघडलं. राग येईना. एकाने पाय खुर्चीवर टाकले होते, त्याच्याकडे मुद्दाम टक लावून पाहिलं. पायजमे मोजले, नऊ. सरासरी बावन्न आठवली. मुळीक आठवला. काही केल्या येईना. एकेचाळीस माणसं डोळे मिटून वाट बघतायत आणि माझ्याकडे द्यायला एक शिवी नाही.

शेवटी तोंडाला जे आलं ते म्हटलं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. दहा मिनिटं काढायची होती, म्हणून एकोणतिसापर्यंत गेलो.

कोल्टनने डोळे पुसले. जाताना माझा हात हातात धरून म्हणाला, आजवरचं हे सगळ्यांत छान झालं.