भांड्याला राहिलेला साबण

३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी प्रयोगशाळेत नेमकं काय करते, असं विचारलंस. थंडगार पाण्यात दाबाखाली नैसर्गिक वायू सोडायचा. पाण्याचा बर्फासारखा खडा होतो, वायू त्यात कोंडून राहतो. असा साठवला की अवजड टाक्या नकोत. पण पाण्यावर आधीच त्या खड्याची घट्ट साय धरते, खाली वायू पोचतच नाही आणि एका खड्याला दोन दिवस लागतात! महिनाअखेरपर्यंत वेग आला नाही तर काम बंद, मी सामानासकट तुझ्या दारात. दोन वर्षं पाण्यात गेली म्हणायची, तीही अगदी शब्दशः.

तुझी धांदल

१६ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

तुझ्या उत्तराला थांबवेना. काल खडा पाऊण तासात झाला! आमचे साहेब चष्मा पुसून दोनदा बघून गेले, सगळे नाचले. मला मात्र घाम फुटला. भांडं मीच घाईत विसळलं होतं. माझ्या भांड्यांना साबण राहतो, असं तू लहानपणापासून ओरडतेस ना? तोच राहिला असणार. त्यामुळेच साय घट्ट धरली नाही. साहेबांना वाटतंय, परवा बसवलेला नवा पंप पावला. खरं सांगितलं तर माझ्या सगळ्याच नोंदींवर संशय येईल. काय करू?

तुझी धांदल

२० मार्च

चि. धांदल हिस,
अनेक आशीर्वाद.

इतकी हसले की तुझे बाबा पाणी घेऊन धावले. साहेबांना आजच्या आज सांग. चूक झाकून ठेवलीस तर उद्या तीच मुद्दाम कशी करशील? आणि वेळेवर जेव.

तुझी आई

२९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

सांगितलं. साहेब माझ्या जुन्या नोंदी घेऊन बसले, दोन ठिकाणी मला चांगलंच झापलं आणि स्वतः चिमूटभर साबण मोजून पाण्यात घातला. सात वेळा करून पाहिलं, सातही वेळा खडा तासाच्या आत! काम तीन वर्षं वाढलं. आनंदाने वेड लागायची वेळ आलीये, आई. फक्त आता घरी येणं होत नाही, हे लिहिताना हात अडतो.

तुझी धांदल

३ एप्रिल

चि. धांदल हिस,
अनेक आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू, आधी रडले. तू येणार म्हणून तुझी गादी उन्हात घातली होती. मग डोळे पुसले आणि गल्लीभर सांगून आले. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. बाबांना विचारलं नाही, नुसतं कळवलं. लोभ या खेपेला पत्रातून पाठवत नाही, सोबतच घेऊन येते.

तुझी आई