दोर कोणी धरला

२३ डिसेंबर १९५६
नागपूरचे प्रोफेसर दुपारी आले. मोटर नाल्यात फसली, म्हणून शेवटचे तीन मैल बैलगाडीने. सामानात दोरच दोर, शिवाय लाकडाच्या दोन लांब फळ्या. कॉलेजची सुट्टी संपेपर्यंत बंगल्यावर मुक्काम. पाणी तापवलं, कोंबडी केली, खोलीत शेगडी ठेवली. हात शेकता शेकता त्यांनी विचारलं, "इथे कड्यावर कोण नेतं?"
"मीच साहेब. बंगलाही माझ्याकडे, पहाडीही."
"मग तो मंगरू कोण?"
नागपूरपर्यंत पोचलं नाव. मंगरू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, जनीचा नवरा. चार वर्षांपूर्वी पाणी भरायला मीच आणला त्याला बंगल्यावर. पाहुणे शेरा लिहितात ती वही रात्री काढून पाहिली. आधी सगळीकडे 'चौकीदार उत्तम', म्हणजे मी. मागची सहा पानं मंगरू, मंगरू. माझ्या रश्श्यावर एक ओळ आहे, 'फार तिखट'.

२४ डिसें.
थंडी मरणाची. तरी सकाळीच कड्यावर. मंगरू अनवाणी, पुढे. मी डबा घेऊन मागे.
माथ्यावरून दोर सोडून खाली उतरायचं, मोहळ काढताना उतरतात तसं. आमच्यात हा दोर बायकोच्या भावानेच धरायचा. सख्खा बापही चालत नाही. बहीण रांडमुंड होऊ नये म्हणून साळ्याचा हात सुटत नाही, असं मानतात. उतरणारा अंग सोडायच्या आधी हाक देतो, "कोन धरते?" वरून म्हणायचं, "तुया साळा." मगच तो लोंबकळतो.
तो लोंबकळला तेव्हा प्रो. नी त्याचे आठ-दहा फोटो घेतले. मी दगडाला पाय लावून मागे, तळहात सोललेले. माझा एकही नाही.

२६ डिसें.
त्या फळ्या बर्फासाठी. काश्मिरात लोक पायांना बांधून उतारावरून घसरतात म्हणे. प्रो. नी फोटो दाखवले. बर्फ मी पाहिलेलं नाही, पण फोटोतला माणूस इतका मोकळा दिसत होता की पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटलं. इथे बर्फ कुठलं. बंगल्यामागच्या उतारावर वाळलं गवत आडवं पडलंय, त्यावर करून पाहू म्हणाले. फळ्यांना मेण घासलं. मेण मंगरूने काढलेल्या मोहळाचं, हे सांगायला तो विसरला नाही.
प्रो. दोनदा पडले. मंगरू पहिल्याच खेपेला तळापर्यंत गेला, उभाच्या उभा, आणि दात काढत वर आला. मला कोणी विचारलं नाही. मी म्हटलं चहा टाकायचा आहे.

२७ डिसें.
पहाटे कोणी उठायच्या आत फळ्या घेऊन उतारावर. बोरीच्या झुडपात गेलो. काटे अजून निघताहेत. प्रो. नी हाताला काय झालं विचारलं. मांजर म्हणालो. बंगल्यावर मांजर नाही.

३० डिसें.
जेवताना प्रो. म्हणाले, मे महिन्यात हिमालयात जाणार, सहा जण. इथला एक माणूस नेता येईल. एकच.
मी भात वाढत होतो. मला हिंदी येते, स्वयंपाक येतो, लिहिता-वाचता येतं. वाटलं, माझ्याकडेच पाहतील.
म्हणाले, "मंगरूला विचार."
मीच विचारायचं! विचारलं. ओट्यावर बसून बिडी ओढत होता. मला तो भाऊ म्हणतो. म्हणाला, "भाऊ येत असन तं येतो. नाई तं नाई. तिथी दोर कोन धरन?"
प्रो. दारातून हसले, "अरे, आम्ही धरू." मंगरूने मान हलवली, "नाई साहेब."
मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. मग पाहिलं तर नाही म्हटल्यामुळे तो प्रो. ना अजूनच आवडला होता. मी हो म्हणायला तयार बसलोय, मला कोणी पुसत नाही. याने नाही म्हटलं तरी त्याचंच कौतुक.

१ जानेवारी १९५७
लिहू की नको.
पुन्हा कडा. मंगरू दोर कमरेला बांधून खाली कपारीच्या काठावर उतरून थांबला. तिथून माथा दिसत नाही. प्रो. मला म्हणाले, "आज मी धरतो. त्याला कळूही देऊ नकोस, नाहीतर उतरणार नाही."
नाही म्हणता आलं असतं. एक शब्द पुरला असता. मी दोर त्यांच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरलो.
खालून हाक आली, "कोन धरते?"
मी म्हटलं, "तुया साळा."
का म्हटलं, ते मला चांगलं माहीत आहे. थोडा घसरावा, भ्यावा, ओरडावा, साहेबाने पाहावं, एवढंच मनात होतं. मरावा असं नव्हतं. नव्हतंच.
दोर हातभर घसरला. प्रो. लाल झाले, पण सावरला. मंगरू ओरडला नाही. वर आला तेव्हा कोपर खरचटलं होतं. कोणाशी बोलला नाही, दोर गुंडाळला, पुढे निघून गेला.

२ जाने.
प्रो. नी दुपारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "काल दोर मी धरला होता! बघ मंगरू, आता तुझं काही अडत नाही." फार खूश. मंगरू लाकडं फोडत होता. फोडत राहिला.
संध्याकाळी जनी आली. चुलीपाशी उभी राहिली.
"दादा, 'तुया साळा' कोन म्हनलं?"
"मी."
"आन दोर?"
मी चुलीत लाकूड सारलं. चहा पुढे केला तर तो तसाच ठेवून गेली. लहानपणी तिला खांद्यावर बसवून हाटाला नेत होतो मी.

४ जाने.
प्रो. गेले. मंगरूला एक अख्खा दोर देऊन गेले, नवा, पांढरा. मला जुना स्वेटर. थंडी आहे म्हणून घालतो.

१९ जाने.
चांद्याहून चौघे पाहुणे. मंगरू पंधरा दिवस बंगल्याकडे फिरकलेला नाही. निरोप धाडला तर "तब्येत बरी नाई". मी पाहुण्यांना मागच्या पायवाटेने माथ्यावर नेलं. हवं होतं तेच मिळालं, पुढे मी, बोलणारा मी. वर पोचल्यावर त्यातला एक म्हणाला, "तो दोरावरचा माणूस आज नाही का?"

५ फेब्रुवारी
मंगरू आज सकाळी आला. अंगणातच बसला.
"भाऊ, नागपूरच्या साहेबाले चिठ्ठी लिवाची हाय."
कागद घेतला. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. मे महिन्यात येतो. एकटाच येतो. दोर कोणीही धरला तरी चालते.
माझा हात थांबला. "असं कसं चालते?"
"चाललं नाई का त्या दिवशी? मेलो का मी?"
मी टाक उगाच दौतीत बुडवत राहिलो. मग तोच म्हणाला, "घसरला तवाच समजलं मले, हात तुया नाई म्हून. तुया हात ओळखू येते मले. पन टांगून होतो, काय करतो."
"मंग वर आल्यावर बोलला काऊन नाई?"
"तू सांगशीन म्हून वाट पाहून राह्यलो होतो."
महिना झाला त्याला. एवढ्यात मी तीनदा त्याच्या घरावरून गेलोय.
म्हणून टाकलं शेवटी. "मले पाहवत नव्हतं तुयं."
"थे मले चार सालापासून मालूम हाय," मंगरू म्हणाला. "तरी दोर तुयाच हातात देत होतो ना."
त्याने कागदाकडे बोट केलं. "लिव्ह पुढं."
लिहिलं. त्याने अंगठा दिला आणि गेला. जाताना नेहमीसारखी बिडी मागितली नाही. प्रो. चा पत्ता अजून घातलेला नाही. डाक गुरुवारी जाते.