यकृतातले अठरा टक्के

३ मार्च, सोमवार

नापास! यकृतात अठरा टक्के चरबी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असलं यकृत तुमच्या भावाला लावता येणार नाही. आठ आठवडे आहेत. रोज पाऊण तास भराभर चाला — धाप लागली पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. पोट लगेच आत जाणार नाही. यकृतातली चरबी आधी जळते."

बाहेर वहिनी उभी. तिचा रक्तगट जुळत नाही. यकृताचा तुकडा देणार का, असं मला कुणी विचारलंच नाही. गृहीतच! धाकटा ना मी.

४ मार्च

आगारात उभ्या बसभोवती वीस फेऱ्या. बावीस वर्षं स्टिअरिंगमागे बसून पाय चालणं विसरलेत. मेकॅनिक ओरडला, "बस सोडून स्वतःच सुटलात की काय!" सगळे हसले. मीही हसलो. सवय आहे.

१६ मार्च, रविवार

ही सवय दादानेच लावली. लहानपणी मला मैदानाभोवती पळवायचा. त्याचे मित्र फेऱ्या मोजायचे. पडलो की टाळ्या. 'भोपळ्या' हे नावही त्याचंच. माझ्या लग्नात माइकवरून — "नवरदेवासाठी दोन खुर्च्या आणा रे!" सासरे मान खाली घालून बसले होते. पन्नाशी आली तरी दर भेटीत तेच. आता तीच चरबी त्याच्या मुळावर आलीय. हे आठवलं की चालण्याचा वेग आपोआप वाढतो. डॉक्टरीणबाईंना हे औषध ठाऊक नसेल!

२९ मार्च

तळपायाला फोड. तरी चाललो.

९ एप्रिल, बुधवार

दादाकडे गेलो. डोळे पिवळेजर्द. हातांच्या काड्या, पोट मात्र पाण्याने टम्म. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं पोट माझ्यापेक्षा मोठं! अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

तो म्हणाला, "उतरतंय का?"

"उतरतंय."

"मग जरा घाई कर, भोपळ्या. मला वेळ नाही."

घरी येऊन हिला म्हटलं, एकदा तरी 'चुकलं' म्हणाला असता. ही म्हणाली, "मरणाच्या दारातल्या माणसाशी कसला मानापमान?" म्हणजे जगणाऱ्यांनीच गिळत राहायचं!

२८ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी हिला बाहेर बसवलं, दार लावलं. सहा टक्के! वजन जेमतेम चार किलोच उतरलंय, पण यकृत पास. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "आता फक्त तुम्हाला विचारते. मनापासून द्यायचंय? नसेल, तर घरच्यांना आम्ही 'चालणार नाही' एवढंच सांगू. कारण कुणाला कळणार नाही."

आठ आठवड्यांत पहिल्यांदाच कुणी विचारलं. मी दोन दिवस मागितले. रिपोर्ट घेतला. हिला सांगितलं — अजून आला नाही.

३० एप्रिल, बुधवार

दादाच्या पलंगाशी उभं राहून सांगितलं — नाही जमलं, चरबी हटत नाही. वहिनी भिंतीकडे वळली. दादाने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "असू दे रे. माझ्यासाठी एवढं आजवर कुणी केलं नव्हतं."

रिपोर्ट शर्टाच्या खिशात होता.