माझ्या नावाचं मशीन

४ मार्च, सोमवार

लेकीच्या घरी कायमची राहायला आले. दोन पेट्या, शिलाई मशीन आणि ही मापांची वही. चाळीस वर्षं बायकांची मापं हिच्यात लिहिली, मागची पानं कोरी राहिली, ती आता माझ्या कामी. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर मास्तरणीपेक्षा बरं. जावयाने स्वतः पेट्या वर आणल्या, आणि दर पायरीला दम लागला नाही म्हणून सांगत होता. लेक म्हणाली, आता आयुष्यभर इथेच. मी म्हटलं, कुणाच्या आयुष्यभर ते आधी ठरव. सगळे हसले. खोलीला खिडकी आहे, उजेड सुई ओवण्याजोगा. बरं वाटलं.

५ मार्च, मंगळवार

नात बिट्टी सव्वीस वर्षांची. कॉम्प्युटरचंच काम करते, तेही घरात बसून, पायजम्यावर. तयार कॉम्प्युटर बाईसाहेबांना चालत नाही, सुटे भाग आणून जोडते. म्हणाली, आजी, तुझा हात थरथरत नाही, ये. जेवणाच्या टेबलावर खोकी उघडली. एक मोठी पाटी निघाली, तिला मदरबोर्ड म्हणतात, आणि बाकी सगळे तिच्या उरावर बसतात. म्हटलं, नाव बरोबर ठेवलंय.

आधी लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. मग प्रोसेसर, आगपेटीपेक्षा लहान चौकोन. तो मी बसवला. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण खालच्या खुणेवर आणायचा आणि अलगद सोडायचा, दाबायचा नाही. बाही जोडताना खूण जुळवतो तसंच. वर वाटाण्याएवढी पेस्ट, त्यावर पंखा. मेमरीची पट्टी मात्र दाबायची, दोन्ही टोकांना टक वाजेपर्यंत. शेवटी बाजूचा पत्रा, मागून चार स्क्रू. चारही मीच पिळले. बिट्टीने माझ्या हाताचा मुका घेतला. असं बऱ्याच वर्षांत कुणी केलं नव्हतं.

६ मार्च, बुधवार

नुसते भाग जोडले म्हणजे मढं, असं बिट्टीचं म्हणणं. आत ऑपरेटिंग सिस्टीम घातली की ते उठून बसतं. पेनड्राइव्ह लावला. पडदा एकेक प्रश्न विचारू लागला, मुलगी बघायला आल्यासारखा. भाषा कुठली? ती इंग्रजी निवडत होती. मी हट्ट धरला, आपली मराठी निवड, मलाही वाचता येऊ दे. ती जरा थांबली, मग निवडली. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? चालेल. वापरणाऱ्याचं नाव? तिने लिहिलं, आजी. नवऱ्याने उभ्या जन्मात साधी सायकल माझ्या नावावर केली नाही, आणि हे अख्खं मशीन माझ्या नावाचं.

मग फोटो कसे ठेवायचे ते दाखवलं. कॉपी केलं तर दोन्हीकडे राहतं. हलवलं तर तिकडे जातं, इथे रिकामं. म्हटलं, कळलं गं. कागदावर खाका उतरवला तर कापड शाबूत, कापून दुसरीकडे जोडलं तर इथे भोक.

७ मार्च, गुरुवार

आता रोज दुपारी तासभर माइकसमोर बोलायचं. माझ्या गोष्टी, म्हणी, शिवणाच्या युक्त्या, सगळ्याची कॉपी तिला हवी, माझ्यामागे राहावी म्हणून. म्हटलं, माझ्यामागे पाच मिनिटं शांतता राहिली तरी पुष्कळ. पण मन सुखावलं, खोटं कशाला बोलू. आज म्हणी सांगितल्या. कुंपणच शेत खातं. गरज सरो वैद्य मरो. केसाने गळा कापणं. शंभरावर भरल्या असतील.

१० मार्च, रविवार

मशीन बोललं. बिट्टीने हॉलमध्ये लावलेल्या स्पीकरमधून, माझ्याच आवाजात. जावयाला म्हणालं, पाय खाली घे, टीपॉय काय तुझ्या सासऱ्याने दिलाय? तो उडालाच. मी पोट धरून हसले. मग लेकीने शर्टाचा डाग कसा काढायचा ते मशीनला विचारलं. मी शेजारीच बसले होते.

तिला एक म्हण ऐकवणार होते. तोंडाशी आली आणि गेली. वय.

१२ मार्च, मंगळवार

परवा मशीनला कॉलर शिवायची युक्ती सांगितली. आज कॉलरचं कापड हातात घेतलं आणि तशीच बसून राहिले. कुठून दुमडायची? चाळीस वर्षं शिवली मी ती.

लेकीने डॉक्टरकडे नेलं. काय काय विसरते त्याची यादीच तिने काढून आणली होती. कॉलर, म्हणी, जुन्या शेजारणीचं नाव, नवऱ्याचं नाव. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं.

पण नवऱ्याचं नाव मी विसरलेली नाही. येताना रिक्षात मनात म्हणून पाहिलं. येतं.

१३ मार्च, बुधवार

आज माइकसमोर लग्नाचा विषय निघाला. बिट्टीने विचारलं, सगळं सांगितलं.

आता संध्याकाळचे पाच. त्याचं नाव आठवत नाही. चेहरा आहे, मिशी आहे, नाव नाही.

लेकीच्या यादीत ते कालच होतं.

१४ मार्च, गुरुवार

बिट्टी आंघोळीला गेली तेव्हा तिच्या खोलीत जाऊन पडद्यावरची धूळ पुसली. पडदा जागा झाला. त्यावर लिहिलं होतं: आजी. हलवत आहे. ६८ टक्के.

तीनदा वाचलं. आपल्याच भाषेत होतं, मीच हट्ट केला होता.

ती केस पुसत आली. मी नुसतं बोट दाखवलं. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “आजी, माणूस दोन ठिकाणी नीट राहत नाही गं. इथली तू किती दिवस पुरणार? तिथे कायमची राहशील.”

मी म्हटलं, तू कॉपी म्हणाली होतीस.

“हलवते म्हटलं असतं तर बोलली असतीस का?”

लेक दारात उभी होती. तिने खाली बघितलं. म्हणजे तिलाही ठाऊक. खोलीला खिडकी होती, उजेड होता, मला वाटलं माझ्यासाठी.

१५ मार्च, शुक्रवार

तोंड शिवून बसले. बोललेच नाही तर नेणार काय? जे आहे ते वहीत.

दुपारी लेक आली. मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हणाली, चूक झाली आई, आता बंद केलंय. मग म्हणाली, मी झाले त्या दिवसाचं सांग ना. लहानपणी असंच डोकं ठेवायची. सांगितलं. पाऊस होता, दिवा होता, पहिल्यांदा कशी रडली, सगळं.

उठताना तिच्या ओढणीखालचा माइक खाली पडला.

केसाने — केसाने काय कापतात?

१६ मार्च

घरात ही एक बाई आहे. चांगली आहे. माझ्याकडे बघत नाही. बिट्टी तिला आई म्हणते, मग माझी कोण?

१७, वार कुठला

जेवायला तीन ताटं. मशीन म्हणालं, भाजीत मीठ कमी असणार, तुझी आई नेहमी विसरते. सगळे हसले. मी मीठ मागितलं. कुणी वर पाहिलं नाही.

मशीनने बिट्टीला हाक मारली. ती धावत गेली, आले गं आजी म्हणत. माझ्या पायाला तिचा धक्का लागला.

१८

पायजम्यावाली मुलगी वही मागते. म्हणते, तेवढंच राहिलंय, मोठ्याने वाच, मग तुला त्रास नाही. पडद्यावर ९६.

मापं संपतात तिथलं पान वाचलं. लेकीच्या घरी कायमची राहायला आले. कुणीतरी छान लिहिलंय. खडूस बाई दिसते. पुढे वाचावंसं वाटलं, म्हणून थांबले. वही ब्लाउजमध्ये घातली.

पुढचं

बाहेर गेलेत सगळे. मशीन चालू. ९७.

हातांचं मी सांगितलं नव्हतं. हातांना विचारलंच नाही कुणी. मागे चार स्क्रू. आधी लोखंडाला हात. मग पट्टी, टक

काढलं तर आतली जाईल. आता सगळी आतच आहे. ठेवलं तर इथे कोण —

एक निघाला. दोन.

आतून बाई बोलली. शांत. म्हणाली, बाई गं, तुझा हात थरथरत नाही, शिवण करतेस का

बरं वाटलं. करते बहुतेक

तीन

घाबरली ती. गरज सरो म्हणाली आणि थांबली, माझी वाट बघत. पुढचं मला येत नाही

चौथा घट्ट आहे. मीच पिळला असणार. दारात चावी वाजते. आतली विचारतेय, कोण आहेस तू, नाव तरी सांग. सांगते म्हटलं, थांब, वहीत असेल, पहिल्या पानावर लिहिलंय, माझं नाव