डगडगणारी नळी आणि शनीचं कडं

१ नोव्हेंबर
दुर्बीण झाली! स्वतःच्या हातांनी. तळाशी आरसा, वरच्या बाजूला भिंगाची नळी. ती पुढेमागे सरकवली की फोकस. आता फक्त आरसा आणि नळी एका रेषेत आणायची. किरकोळ काम. येत्या शनिवारी साडूंना गच्चीवर शनी दाखवणार. असल्या वस्तू तयार आणाव्यात, तुमच्यानं व्हायचं नाही, असं ते अख्ख्या सासरवाडीसमोर म्हणाले होते. दात घशात घालतो. प्रेमानं.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
नळीत लेसर बसवला. लाल ठिपका आरशाच्या मधोमध पडायला हवा. पडला कडेला. आरशामागचे स्क्रू पिळले. आला मधोमध. नळीला जरा बोट लागलं, पुन्हा कडेला. आरसा बेइमान आहे.

३ नोव्हेंबर
स्क्रू, ठिपका. स्क्रू, ठिपका. बायको शिवणयंत्रावरून म्हणाली, की आरसा आहे तिथंच आहे, तुमची नळीच डगडगतेय. आतून कापडाची पातळ पट्टी लावा. तिला समजावलं, की हे प्रकाशशास्त्र आहे, उशीचा अभ्रा नव्हे. शिवणयंत्रही बंद करायला लावलं. जमीन हादरते. तरीही ठिपका पळालाच.

५ नोव्हेंबर
दोष नळीत आहे. ती डगडगते. आज मी शोधून काढलं. बायकोला सांगितलं तर नुसती बघत राहिली. थक्क झाली असावी. पट्टीबिट्टी म्हणजे वरवरची मलमपट्टी. मी मुळावरच घाव घालणार.

७ नोव्हेंबर
नळीच्या चहूबाजूंनी इपॉक्सी भरलं. वाळून दगड झालंय. हत्ती टांगला तरी हलायची नाही. ठिपका मधोमध, गपगुमान. बायकोनं विचारलं, की आता फोकस कसा करणार. आनंदावर विरजण घालायची तिची जुनी खोड.

८ नोव्हेंबर, शनिवार
साडू सहकुटुंब आले. गच्चीवर वाकून बघितलं आणि म्हणाले, कडं दिसतंय की. मी बायकोकडे विजयी नजर टाकली. मग त्यांनी विचारलं, की कडं झकास आहे, पण मधला शनी कुठं गेला? मी नळी सरकवायला गेलो. तसूभर सरकेना. मजबूत काम. साडूंनी दुर्बीण समोरच्या इमारतीकडे वळवली, आणि त्यांच्या लक्षात आलं, की तिथल्या जिन्यातल्या बल्बलाही अगदी तस्संच कडं आहे. फोकस नसला की या दुर्बिणीतून कुठलाही दिवा असाच दिसतो म्हणे.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बल्ब बघायला रांग लागली. रांगेत बायको पहिली.