ड्रायव्हरचा पलंग

एलिनामी,

अंगणात गाडी दिसली नाही तर घाबरू नकोस. पाहुण्यांना सेरेंगेटीला या वेळी तुझ्याऐवजी मीच घेऊन चाललोय. तू पडून राहा. उजीची पेज पातेल्यात झाकून ठेवलीय, गरम करून पी. आणि आईकडून पाठ शेकून घे, लाजू नकोस.

काल ती पाहुणी म्हणाली ना, "अरुशातल्या चार सफारी कंपन्या फिरलो, सिंह सगळेच दाखवतात. तुमचा ड्रायव्हर रात्री झोपतो कुठे, ते सांगा." मी तोंड वर करून सांगितलं, "खोलीत, पलंगावर." तू चहा ओतत होतास. तिने तुझ्याकडे पाहिलं. थोरल्याला परक्यांसमोर खोटं पाडायचं नाही, म्हणून तू म्हणालास, "हो, चांगला पलंग असतो." किटली ठेवताना तुझा हात कमरेवर गेला. मला दिसलं, तरी मी हसत राहिलो.

त्या एका 'हो'वर त्यांनी आपली कंपनी निवडली.

परतल्यावर तुझ्यासाठी मुक्कामाच्या ठिकाणी खोलीचं पक्कं करतो. या फेरीला गाडीत मीच झोपेन. सीटखाली तुझं पांघरूण सापडलं. आधी मला ते गाडी पुसायचं फडकं वाटलं.

दादा